ओरोसमानचा सोळा जुलै

ओरोसमान तेचेराच्या हातांचा रंग शेवटपर्यंत गेला नाही. केब्राचो झाडाच्या सालीच्या पाण्यात तीस वर्षं कातडी बुडवून बुडवून ते हात मनगटापर्यंत जुन्या खुर्चीच्या लाकडासारखे तांबूस झाले होते. लग्नाच्या फोटोत त्याने ते पाठीमागे लपवले आहेत. आमच्या नुएव्हो पारीस मोहल्ल्यात तेव्हा दर चार घरांमागे एक माणूस कातडी कमावण्याच्या कारखान्यात होता, त्यामुळे आम्हाला त्या वासाचं काही वाटत नसे. पण शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये ओरोसमान बसला की शेजारची जागा हळूच रिकामी व्हायची. मग तो पाय पसरायचा आणि म्हणायचा, "एवढी ऐसपैस जागा मंत्र्यालाही मिळत नाही."

कातड्यावरून नुसता अंगठा फिरवून तो गाईचा जन्म सांगायचा. ही तारेच्या कुंपणात अडकली होती. हिला गोचिडांनी खाल्लं. ही म्हातारी होऊन गेली, सुखाने. माणसांपेक्षा गाई जास्त असलेल्या आमच्या देशात या विद्येला कोण विचारतो? मुकादमाने तीस वर्षांत त्याला एकदाही शाबास म्हटलं नाही. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ओरोसमान हा कोणाच्या नजरेत न भरणारा माणूस होता. काखेत थर्मास, हातात येर्बाच्या, म्हणजे आमच्या कडू चहाच्या पत्तीचा पोकळ भोपळा, डोक्यावर टोपी, तोंडावर ओशाळं हसू. उरलेला एक दिवस मात्र त्याचा होता. सोळा जुलै.

त्या संध्याकाळी फारिन्याचा बार भरून जायचा. फारिन्या हा स्पेनमधल्या गालिसियाहून आलेला, चिक्कू माणूस. पण सोळा जुलैला तो काउंटर दोनदा पुसायचा आणि ओरोसमानपुढे पहिला पेला स्वतःहून ठेवायचा. कारण एकोणीसशे पन्नास साली, सोळा जुलैला, रिओच्या माराकाना मैदानात आमच्या चिमुकल्या उरुग्वेने ब्राझीलला त्यांच्याच घरात हरवलं, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातला एकच माणूस तिथे हजर होता. ओरोसमान तेचेरा. कारखान्यातल्या लोकांनी त्याला स्टेशनवर ढोल वाजवून निरोप दिला होता, हे पाहिलेली माणसं बारमध्ये बसलेली असत.

मी बत्तीस वर्षं कार्निव्हलच्या मंचावर काढली आहेत. चांगले नट पाहिले, फार चांगले पाहिले. पण ओरोसमानसारखा थांबणारा नट मी पाहिला नाही. सामन्याची गोष्ट सांगत सांगत तो आमच्या दुसऱ्या गोलपर्यंत यायचा. दोन लाख माणसं, नुसती बरोबरी झाली तरी विश्वविजेते होणार होती ती, हातात रुमाल, खिशात फटाके. चेंडू जाळ्यात जातो. इथे ओरोसमान टोपी काढून छातीशी धरायचा आणि गप्प व्हायचा. मी एकदा मनात आकडे मोजले होते: वीस. वीस आकडे होईपर्यंत त्या बारमध्ये कोणी पेला खाली ठेवत नसे. मग तो हलक्या आवाजात म्हणायचा, "एका माणसाने खुर्ची सरकवली. ती खुर्ची मला अजून ऐकू येते." आणि लोक श्वास सोडायचे. दोन लाख माणसांच्या मैदानात एक खुर्ची कशी ऐकू आली, असं अठरा वर्षांत कोणी विचारलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. माझ्याशिवाय ही गोष्ट घडली नसती, आणि घडली नसती तर फार बरं झालं असतं.

मी 'पान्तानोसोचे बेडूक' या फडात सोंगाड्या होतो. सतरा गाणारे, तीन वाजवणारे, रंगवलेली तोंडं, आणि फेब्रुवारी लागला की ट्रकमध्ये बसून चौकाचौकातल्या फळ्यांच्या मंचावर जायचं. नमनाचं गाणं, मग वर्षभरातल्या गमतीजमतींची सोंगं, मग निरोपाचं गाणं. चाळीस रात्री. आमच्या मोठ्या ढोलाचं कातडं दर डिसेंबरात ओरोसमान आणून द्यायचा. स्वतः निवडलेलं, स्वतः खरवडलेलं. "ही गाय गप्प स्वभावाची होती," तो म्हणायचा, "आता बोलू द्या तिला."

अडुसष्टच्या कार्निव्हलमध्ये समुद्राकाठच्या खुल्या नाट्यगृहात, स्पर्धेच्या रात्री, निरोपाच्या गाण्यातला वरचा सूर घेताना माझा आवाज फाटला. मागच्या रांगेतून कोणीतरी कोंबड्यासारखा आरवला आणि पाच हजार माणसं हसली. निरोपाच्या गाण्याला आमच्याकडे लोक रडतात. मी त्याला हशा मिळवून दिला.

चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही. पाचव्या दिवशी दुपारी ओरोसमान आला. त्याने माझ्या दोन खुर्च्या उचलून फुटपाथवर ठेवल्या, थर्मास उघडला, भोपळ्यात पाणी ओतलं आणि पहिला, कडू घोट स्वतः घेतला.

"आत बसून काय अंडी घालतोयस?" तो म्हणाला. "कोंबडा आरवला म्हणून तू कोंबडी झालास?"

"तुला हसायला काय जातं. पाच हजार लोकांसमोर तुझी लाज गेली असती म्हणजे कळलं असतं."

त्याने भोपळा माझ्या हातात दिला. समोरच्या घरातली बाई झाडत होती, ती आत जाईपर्यंत तो थांबला.

"माझी आठ लोकांसमोर गेली," तो म्हणाला. "आठ पुरे होतात."

आणि त्याने मला सांगितलं. तो माराकानाला गेलाच नव्हता.

रिव्हेरापर्यंत गाडीने गेला, हे खरं. तिथे सीमा म्हणजे एक रस्ता. इकडच्या फुटपाथवर आपण, पलीकडच्या फुटपाथवर ब्राझील. रस्ता ओलांडून तो लिव्रामेन्तोच्या स्टेशनवर गेला, निरोपाच्या बाटलीत उरलेली दारू संपवली, बाकावर झोपला, आणि उठला तेव्हा गाडी गेलेली. पुढची तीन दिवसांनी. ती सामन्यानंतर रिओला पोचणार होती.

"मग परत यायचं," मी म्हणालो.

"ढोल वाजवून पाठवलं होतं रे मला. बिगूलही होता एक."

म्हणून तो तिथेच लपून राहिला. स्वतःच्या देशात जायला रस्ता ओलांडायचा, तेवढाही ओलांडला नाही, मोंतेव्हिदेओचा कोणी ओळखीचा भेटेल म्हणून. रविवारी, सामन्याच्या दिवशी, सगळं गाव बंद. फक्त एका न्हाव्याने दुकान उघडं ठेवलं होतं, कारण त्याच्याकडे रेडिओ होता. आत सात गिऱ्हाइकं, आठवा न्हावी. ओरोसमान दाढीला बसला. सीमेवरची भाषा खिचडीच, कोणी त्याला परका समजलं नाही. अर्धी दाढी झाली होती. एका गालावर फेस होता, गळ्याशी वस्तरा होता, आणि तेव्हा आपला दुसरा गोल झाला.

"सगळे गप्प," ओरोसमान म्हणाला. "एकाने खुर्ची सरकवली. आणि मग, वाल्तेर, रस्त्यापलीकडून आवाज यायला लागला. रिव्हेरातून. फटाके, हॉर्न, चर्चची घंटा. माझा देश नाचत होता तिकडे, शंभर पावलांवर. आणि मी इकडे खुर्चीत बसून म्हणालो, 'अरेरे, काय हे झालं.' त्यांच्या भाषेत म्हणालो. डोळ्यांतून पाणीसुद्धा काढलं."

"गळ्याशी वस्तरा होता तुझ्या."

"तो न्हावी कोंबडीला दुखवणारा माणूस नव्हता. कोणी मला हात लावला नसता. एकाने तर माझ्या खांद्यावर हात ठेवला, धीर द्यायला. तेच तर." त्याने भोपळ्यातली पत्ती नळीने सारखी केली. "भीतीने म्हणालो असतो तर एक वेळ माफ. मी आपलं... सगळे रडतायत तर रडलो."

थर्मासचं झाकण लावत तो म्हणाला, "घरी निबियाला ठाऊक आहे. आता तुला. चल, तोंड धू आणि तालमीला जा. फाटलेला सूर फक्त ऐकायला वाईट असतो."

तो मला ती गोष्ट देऊन गेला. माझी लाज हलकी व्हावी म्हणून त्याने स्वतःची उघडून दाखवली. मी रात्री पोटभर जेवलो, तालमीला गेलो. त्या वर्षीच्या सोळा जुलैला बारमध्ये तो टोपी छातीशी धरून थांबला तेव्हा त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कुलूप लागलं आहे, असं सांगणारी मान.

त्यानंतर कुलूप सहा महिने टिकलं.

एकोणसत्तरच्या जानेवारीत क्लबच्या मागच्या पत्र्याखाली आमच्या तालमी चालल्या होत्या. माझं सोंग बसच्या वाढलेल्या भाड्यावर होतं. फडाचा म्होरक्या एबेर सिल्व्हेरा हा सुतार होता आणि पेन्सिल कानावर ठेवूनच आम्हाला ताल द्यायचा. त्याने माझं सोंग शेवटपर्यंत ऐकलं आणि नाक खाजवलं.

"वाल्तेर, हे सोंग आहे की बसच्या थांब्यावरची पाटी?"

"भाडं वाढलंय, लोकांना राग आहे."

"राग आहे, म्हणून अकरा फडांनी बस घेतली आहे. अकरा. प्रेक्षक यंदा बसमधून येणार, बस बघणार आणि बसने घरी जाणार. दहा दिवस राहिले. दुसरं काही आहे का तुझ्याकडे? की मागच्या वर्षीचा कोंबडाच पुन्हा आणू?"

सगळे हसले. तो हशा मला लागला, असं म्हणून मी सुटू पाहत नाही. हशा तर आमचा धंदाच होता. मी उठलो, एका गालाला हात लावला, मान मागे टाकली, आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूस केला. नाव घेतलं नाही. नुसता फेस, वस्तरा, रेडिओ, रस्त्यापलीकडचे फटाके, आणि ते 'अरेरे'. ढोलवाला हसता हसता ढोलावर पडला. एबेरची पेन्सिल कानावरून खाली आली.

"कुठून आणलंस हे?"

"सुचलं."

"टोपी कोणाला?"

आता ही टोपीची रीत सांगतो. आमच्या मोहल्ल्याच्या मंचावर पहिला खेळ व्हायचा, आणि त्यात ज्या शेजाऱ्यावर सोंग असेल त्याला शेवटी वर बोलावून सोंगाड्याने आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवायची. त्याने ती घालून वाकायचं. टाळ्या व्हायच्या, आणि मग सोंगात काय म्हटलं ते सगळं धुऊन निघालं असं आम्ही मानायचो. कसाई वजनात मारतो म्हणून गायलो होतो, त्याने टोपी घातली. पाद्री झोपतो म्हणून गायलो, त्यानेही घातली. रंगवलेलं तोंड परवानगी मागत नाही, असं आमचे म्हातारे सांगायचे, आणि मी ते वेदवाक्य धरून चाललो होतो. टोपी डोक्यावर गेली की माणूस रागावूच शकत नाही, ही आमची समजूत. शंभर फडांत मिळून इतकी मूर्ख समजूत दुसरी नसेल.

मी म्हणू शकलो असतो, टोपी कोणालाच नाही, हे कल्पित आहे. सोंग तेवढंच चाललं असतं. नाही, खरं सांगतो, तेवढं नसतं चाललं. माणूस ओळखीचा निघाला की हशा दुप्पट होतो, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "ओरोसमान तेचेराला."

ढोलवाला ढोलावरून उठून बसला. मग एबेरने विचारलं, "म्हणजे तो गेलाच नव्हता?"

"नाही."

"त्याला विचारलंस?"

"रंगवलेलं तोंड..." मी सुरुवात केली.

"हो, हो," एबेर म्हणाला. त्याने पेन्सिल उचलली. "पुन्हा कर. खुर्चीपासून."

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी आमच्या चौकातला मंच उभा राहिला. फळ्या ठोकायला ओरोसमान दुपारपासून होता. ऊन उतरल्यावर घरी गेला, इस्त्रीचा सदरा घालून आला, आणि दरवर्षीसारखी घरातली खुर्ची आणून पहिल्या रांगेत बसला. शेजारी त्याची बायको निबिया, जिला आम्ही मानाने 'दोन्या' म्हणायचो, तिच्या मांडीवर थर्मास. माझ्या तोंडावर एका बाजूला साबणाचा खरा फेस होता. मी बाहेर आलो तेव्हा तो हसला, सोंग कशावर आहे ते कळायच्या आधीचं हसू. मी गायला लागलो.

*डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर फेस,*
*रस्त्यापल्याड नाचतो आहे माझा सारा देश;*
*मानेवरती वस्तरा अन् ओठांवर 'अरेरे',*
*माराकानाच्या वीराचे या हाल बघा रे!*

पहिल्या कडव्याला लोकांना कळलं नाही. 'माराकानाच्या वीरा'ला कळलं. आधी मागे एक शिट्टी, मग सगळा चौक. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, फारिन्या टेबलावर डोकं टेकून हसत होता, अठरा वर्षांचे फुकटचे पेले आठवून असेल. मी ओरोसमानकडे पाहणं टाळलं, म्हणजे मला सगळं दिसत होतं. त्याने हात मांडीखाली घेतले. निबियाने थर्मासचं झाकण घट्ट केलं, आधीच घट्ट असलेलं.

"टोपी! टोपी!" लोक ओरडायला लागले.

तो उठला. पायऱ्या चढून वर आला. मी त्याच्या डोक्यावर माझी लाल टोपी ठेवली. ती त्याला मोठी झाली, कानांवर आली, आणि हशा आणखी वाढला. त्याने व्यवस्थित वाकून नमस्कार केला, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग मधोमध. कोणी त्याला शिकवलं नव्हतं. मग टोपी माझ्या हातात देताना तो माझ्या कानाशी आला. शिवी देईल असं वाटलं. शिवीची मी वाट पाहत होतो.

"उजवा गाल आधी झाला होता," तो म्हणाला. "फेस डाव्या गालावर होता."

आणि खाली गेला, खुर्ची उचलली, निबियाला हात दिला आणि खेळ संपायच्या आत दोघं घरी गेली.

माझ्या आयुष्यात मी बरीच लाजिरवाणी कामं केली आहेत, त्यातलं सगळ्यात हलकं काम मी दुसऱ्या दिवशी केलं. त्याच्या घरी जायला हवं होतं. मी आरशासमोर बसलो आणि फेस डाव्या गालावर लावला. गाणंही बदललं, 'उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर फेस'. कारण त्याचं बरोबर होतं. वस्तरा उजव्या हातात धरला की मान त्या बाजूला जास्त चांगली वळते, आणि प्रेक्षकांना चेहरा पूर्ण दिसतो. सोंग सुधारलं. उरलेल्या सगळ्या चौकांत मी ते सुधारलेलं केलं. खुल्या नाट्यगृहात पाच हजार माणसं हसून हसून उभी राहिली आणि 'बेडकांना' दुसरं बक्षीस मिळालं, आमच्या फडाचं पहिलंवहिलं.

मार्चमध्ये, रविवारच्या रस्त्यावरच्या बाजारात, दोन्या निबिया मला भाजीच्या लाल भोपळ्यांच्या ढिगाशी भेटल्या. मला वाट बदलायची होती, पण त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"धर. नटाला ओझं उचलायची सवय नसेल, पण धर."

"दोन्या निबिया, मी यायचाच होतो तुमच्याकडे."

"ये की. घर तिथेच आहे." त्यांनी एक भोपळा टिचकी मारून पाहिला आणि परत ठेवला. "लग्नाआधी सांगितलं होतं त्याने मला ते न्हाव्याचं. मी म्हटलं, बरं, पण बारमध्ये माराकानाचंच सांग. का सांगू? त्या रात्री घरी यायचा ना, तेव्हा हात खिशात नसायचे त्याचे."

मी काहीतरी बोललो. टोपीबद्दल असावं. त्याने टोपी घातली होती, वाकला होता, असं काहीतरी.

"घातली," त्या म्हणाल्या. "चारशे माणसं ओरडत होती, काय करेल? पुन्हा सगळे रडतायत तर रडला." मग त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. "तुला वर्षाला चाळीस दिवस मिळतात, वाल्तेर. त्याला एक मिळायचा."

जुलै आला. मी ठरवलं की त्याचा दिवस त्याला परत द्यायचा. मला नाटकाखेरीज काही येत नव्हतं, म्हणून मी नाटकच रचलं. सोळा तारखेला संध्याकाळी बार भरलेला होता, सवयीने. ओरोसमान येणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं, पण तो आला. काउंटरच्या टोकाला उभा राहिला. फारिन्याने त्याच्यापुढे पेला ठेवला, आणि कोणीतरी म्हणालं, "चला, आज न्हाव्याचं होऊन जाऊ दे."

"हो, न्हाव्याचं. अरेरे करून दाखव."

मी खुर्चीवर चढलो. छातीवर हात ठेवला आणि मंचावरचा आवाज लावला. म्हणालो, मंडळी, मला एक कबुली द्यायची आहे. न्हावी खोटा आहे. बक्षिसाच्या हावेने मी तो रचला. ओरोसमान तेचेरा माराकानाला होता, आणि मी ते तिकीट या डोळ्यांनी पाहिलं आहे. तिकिटाचा रंगही सांगितला. आवाज छान लागला होता. अर्धी माणसं डळमळायला लागली, मला दिसत होतं. अजून दोन वाक्यं, की ती माझी होती.

"वाल्तेर," ओरोसमान म्हणाला, "खाली उतर. पडशील."

मी थांबलो.

"न्हावी खरा आहे," तो सगळ्यांना म्हणाला, हवामान सांगावं तसं. "मी लिव्रामेन्तोत होतो. अठरा वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं, आणि फारिन्या, तुझे पेले प्यालो. आता माझ्यासाठी आणखी एका माणसाने खोटं बोलायला नको." मग माझ्याकडे वळून, हळू, पण बार एवढासा, सगळ्यांनीच ऐकलं, "दोन्ही वेळा मला न विचारताच, वाल्तेर?"

त्याने पेला तसाच ठेवला आणि टोपी घालून बाहेर गेला. मी खुर्चीवर उभा होतो. खाली उतरताना कोणी हात दिला नाही.

त्यानंतर सोळा जुलैला ओरोसमान जादा पाळी मागून घ्यायचा. माझ्याशी त्याने बोलणं सोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण रस्त्यात भेटला की तो माझ्या आईची तब्येत विचारायचा. डिसेंबरात ढोलाचं कातडं घेऊन आला, दरवर्षीसारखं, निवडलेलं, खरवडलेलं. मी एकदा त्याच्या अंगणात बसून क्षमा मागितली, नीट शब्दांत, आवाज न लावता. त्याने मला भोपळा भरून दिला. म्हणाला, "माफ तर केव्हाच केलं. पण ती गोष्ट मला आता सांगता येत नाही. सांगायला गेलो की माझ्या तोंडून तूच बोलतोस." पाणी गार झालं होतं, तो उठून गरम करायला गेला.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात तो गेला, फुप्फुसाने. कारखान्यातल्या बहुतेकांना तेच न्यायचं. घरातच शवपेटी ठेवली होती. निबियाने त्याचे हात छातीवर उघडे ठेवले होते, त्यांवर कापड घातलं नव्हतं. निघायच्या वेळी पेटीच्या सहा कड्यांना पाचच माणसं झाली. मी दाराशी, सगळ्यांच्या मागे उभा होतो.

"तू ये," दोन्या निबिया मला म्हणाल्या.

"दोन्या निबिया, दुसरं कोणी..."

"तुला ओळखत होता तो. ये, धर."

मी धरलं. पितळेची कडी बर्फासारखी गार होती. गल्लीच्या कोपऱ्यावर बेकरीवाल्याचा नवा जावई, मोहल्ल्यात नुकताच आलेला, पीठ लागल्या हातांनी दारात आला. टोपी काढून त्याने माझ्या पुढच्या माणसाला विचारलं, कोण गेलं म्हणून.

"तेचेरा," पुढचा म्हणाला. नाव ऐकून जावयाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तसं पुढच्याने मान मागे टाकून, हनुवटी वर करून दाखवली. "अरे, तो न्हाव्याचा."

"हां, तो," जावई म्हणाला, आणि हसू आवरायला खाली पाहिलं.

मला तोंड लपवायचं होतं, पण दोन्ही हात कडीवर होते.